'द ओरेगन ट्रेल' आणि वसाहतकारांच्या जीवनावरील आरंभीचे शैक्षणिक संगणकीय खेळ : मराठवाड्यातील स्थलांतराच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : शैक्षणिक संगणकीय खेळ, प्रतिरूपण, वसाहतकार, इतिहास-अध्यापन, ऊसतोड स्थलांतर

प्रस्तावना :

इतिहासाच्या वर्गात 'काय घडले' हे सांगण्याची परंपरा जितकी जुनी आणि पक्की आहे, तितकी 'त्या वेळी त्या माणसांपुढे कोणते पर्याय होते' हे विद्यार्थ्यांच्या अनुभवास आणून देण्याची परंपरा पक्की नाही. नकाशा, तक्ता, सहल, नाट्यीकरण ही साधने शिक्षक वापरतात. परंतु निर्णयाचे ओझे विद्यार्थ्याच्याच खांद्यावर ठेवणारे साधन इतिहास या विषयाला फारसे लाभले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही शिक्षकांनी असे साधन निर्माण केले. वसाहतकारांच्या जीवनावरील शैक्षणिक संगणकीय खेळ हे ते साधन होय. १९७१ मध्ये तयार झालेला 'द ओरेगन ट्रेल' हा या प्रकारातील सर्वांत प्रभावी खेळ मानला जातो. २०१६ मध्ये 'वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला, आणि अमेरिकेतील एका संपूर्ण पिढीला आपल्या देशाच्या पश्चिमेकडील विस्ताराची पहिली ओळख पाठ्यपुस्तकापेक्षा या खेळातून झाली, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रस्तुत निबंधात या खेळाची जडणघडण पाहून त्यात इतिहास कोणत्या रीतीने संख्यांत बसविला गेला याचा विचार केला आहे. संगणकीय खेळात खेळाडूजवळ आरंभी किती पैसा असावा, कोणती आपत्ती योगायोगाने यावी आणि कोणती गोष्ट मुळीच बदलू नये, हे आधी ठरवावे लागते. हे ठरविणे तांत्रिक वाटले तरी ते इतिहासविषयक विधानच असते. हे विधान किती निर्णायक असते हे उमजण्यासाठी निबंधाच्या उत्तरार्धात मराठवाड्यातून दरवर्षी होणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा विचार केला आहे. बैल, गाडी, सोबतचे कुटुंब, पाच-सहा महिन्यांचा काळ आणि वाटेतले आजारपण हे सारे दोन्हीकडे आहे. त्यामुळे तुलना सहज सुचते. मात्र ही तुलना जेथे तुटते तेथेच तिचा अधिक उपयोग आहे.

पूर्वपीठिका :

इतिहासविषयक संगणकीय खेळाचा आरंभ वसाहतकारांपासून झाला नाही, तो सुमेरियन संस्कृतीपासून झाला. न्यूयॉर्क राज्यातील कॅटोना येथील शाळाशिक्षिका मेबल ॲडिस यांनी १९६४ च्या सुमारास 'द सुमेरियन गेम' या खेळाची रचना केली. आयबीएम कंपनीचे विल्यम मॅके यांनी त्याची आज्ञावली लिहिली. सहावीच्या विद्यार्थ्याने लगाश नगराचा राजा व्हायचे, धान्याचा साठा, पेरणी आणि प्रजेचे पोट यांचा मेळ घालायचा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे याच कल्पनेवरून 'हमुराबी' हा लहानसा खेळ प्रचारात आला. पहिला कथात्मक शैक्षणिक खेळ एका प्राथमिक शिक्षिकेच्या हातून घडला, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात बराच काळ दुर्लक्षित राहिली. वर्गात रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीलाच या साधनाची गरज प्रथम जाणवली, हे मात्र स्वाभाविक म्हटले पाहिजे.

'द ओरेगन ट्रेल'ची निर्मिती :

डॉन रॅविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे तिघे मिनेसोटा राज्यातील कार्लटन कॉलेजचे विद्यार्थी. आपल्याकडील बी.एड.च्या छात्राध्यापकांप्रमाणे ते १९७१ मध्ये मिनीॲपोलिस शहरातील शाळांत सराव-अध्यापन करीत होते आणि एकाच घरात राहत होते. रॅविच यांच्याकडे इतिहास होता, उरलेल्या दोघांकडे गणित. एकोणिसाव्या शतकात मिसुरी राज्यातून निघून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट तुडवीत ओरेगनला गेलेल्या कुटुंबांचा पाठ रॅविच यांना आठवीच्या वर्गास शिकवायचा होता. त्यासाठी त्यांनी नकाशा, पत्ते आणि फासे यांच्या साह्याने पटावरील एक खेळ आखला होता. हा पट पाहून त्यांच्या सहनिवाशांनी फाशांचे काम संगणकाकडे देण्याची सूचना केली. सुमारे दोन आठवड्यांत आज्ञावली तयार झाली आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी ती वर्गात प्रथम वापरली गेली.

'संगणक' या शब्दाने आज जे चित्र डोळ्यांसमोर येते ते येथे बाजूला ठेवावे लागते. शाळेत होते ते टेलिटाइप यंत्र, म्हणजे दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेला एक टंकलेखक. पडदा नव्हता, चित्र नव्हते. विद्यार्थी उत्तर टंकित करीत आणि संगणकाचा प्रतिसाद कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापून येई. यंत्र एक आणि वर्ग मोठा, त्यामुळे मुलांनी कामे वाटून घेतली. एकाने टंकन करायचे, दुसऱ्याने नकाशावर वाट पाहायची, तिसऱ्याने हिशेब ठेवायचा आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. एक संगणक आणि त्याभोवती उभा वर्ग हा प्रसंग मराठवाड्यातील शाळांनाही नवखा नाही. फरक इतकाच की आपल्याकडे त्या एका संगणकाला अनेकदा कुलूप लागले. तेथे त्याच्या अपुरेपणामुळे मुलांना एकत्र बसून वाद घालणे भाग पडले, आणि इतिहासाच्या अध्यापनात हवा असतो तो नेमका हाच वाद.

सत्र संपताच रॅविच यांनी आज्ञावली कागदावर छापून घेतली आणि संगणकातून पुसून टाकली. ती कायमची विस्मृतीत गेली असती. परंतु मिनेसोटा राज्याने १९७३ मध्ये शाळांना संगणकसेवा पुरविण्यासाठी 'मिनेसोटा एज्युकेशनल कॉम्प्युटिंग कन्सॉर्शियम' ही संस्था स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी रॅविच तेथे नोकरीस लागले. त्यांनी जपून ठेवलेल्या कागदांवरून सबंध आज्ञावली पुन्हा टंकित केली. १९७५ पासून हा खेळ राज्यभरातील शाळांना तारेवरून उपलब्ध झाला आणि १९७८ मध्ये 'क्रिएटिव्ह कम्प्युटिंग' या नियतकालिकात त्याची आज्ञावली प्रसिद्ध झाली. सार्वजनिक पैशातून चालणारी, शिक्षकांनी भरलेली ही संस्था नसती तर खेळ एका वर्गापुरताच राहिला असता.

रोजनिशीतून संख्येकडे :

पुनर्लेखनाच्या वेळी रॅविच यांनी केलेले काम इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचे वाटेल. पहिल्या आवृत्तीतील आपत्तींचे प्रमाण अंदाजाने ठरविलेले होते. आता त्यांनी प्रत्यक्ष प्रवास केलेल्या लोकांच्या रोजनिश्या वाचल्या. वादळ, आजार, गाडीचे मोडणे, बैल हरवणे अशा घटना किती वेळा नोंदल्या गेल्या आहेत याचा अदमास घेतला आणि त्या प्रमाणात आज्ञावलीतील संभाव्यता दुरुस्त केल्या. मैदानी टप्प्यात मुसळधार पाऊस आणि डोंगराळ टप्प्यात कडाक्याची थंडी असा भेदही ठेवला. ज्या काळी इतिहासाच्या अभ्यासात संख्याशास्त्रीय पद्धतीची चर्चा विद्यापीठांत नव्याने होत होती, त्याच काळी एका तरुण शिक्षकाने तिचे साधेसुधे रूप शालेय खेळात आणले.

या आवृत्तीत खेळाडूने २९ मार्च १८४७ रोजी पाच जणांच्या कुटुंबासह निघायचे असते. नऊशे डॉलर शिलकीपैकी दोनशे गाडीपायी गेलेले असतात. उरलेल्या सातशेतून बैल, अन्न, दारूगोळा, कपडे आणि किरकोळ सामान घ्यायचे. पुढे दर पंधरवड्यास थांबायचे की चालत राहायचे, शिकार करायची की वेळ वाचवायचा, जेवण बेताचे ठेवायचे की पोटभर, हे ठरवायचे. अन्नात काटकसर केली की आजाराची शक्यता वाढते. बैलांवर अधिक खर्च केला तर वाट लवकर सरते, पण औषधाला पैसा उरत नाही. शिकारीच्या वेळी बंदुकीच्या आवाजाचा शब्द जितक्या चपळाईने टंकित करावा तितका नेम अचूक. उपाय ओबडधोबड आहे खरा, तथापि टंकलेखकावर याहून अधिक काय करता आले असते?

या रचनेचे सामर्थ्य कार्यकारणभावाच्या प्रत्ययात आहे. मार्चमधील खरेदीचा परिणाम ऑगस्टमध्ये भोगावा लागतो, हे मुलाला सांगावे लागत नाही. पाठ्यपुस्तकातील 'वसाहतकारांना अनेक हालअपेष्टा सोसाव्या लागल्या' हे वाक्य वाचून जे कळत नाही, ते दोन पौंड अन्न शिल्लक राहिल्यावर कळते.

१९८५ ची आवृत्ती :

आज बहुतेकांच्या स्मरणात आहे तो खेळ १९८५ मधील, ॲपल टू संगणकासाठी आर. फिलिप बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली नव्याने रचलेला. त्यात चित्रे आली, नद्या, किल्ले आणि ठळक खुणेची स्थळे आली, मेलेल्यांच्या समाध्या आल्या. प्रवासाचे वर्ष १८४८ झाले. येथे व्यवसाय निवडता येऊ लागला, ही भर सर्वांत अर्थपूर्ण आहे. बोस्टनच्या सावकारी पेढीवाल्याजवळ १६०० डॉलर, ओहायोच्या सुताराजवळ ८०० आणि इलिनॉयच्या शेतकऱ्याजवळ ४०० डॉलर असत. मात्र शेतकरी म्हणून ओरेगन गाठल्यास गुण तिप्पट, सुतार म्हणून दुप्पट. आर्थिक विषमता हा प्रवासातील निर्णायक घटक असल्याची ही कबुलीच होती, आणि गरिबीतून पार पडलेल्या प्रवासाचे मोल अधिक, असा निवाडाही त्यात होता. शालेय खेळाने घेतलेली ही भूमिका त्या काळातील अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा धीट म्हणावी लागेल.

शिकारीतील एक नियमही उल्लेखनीय आहे. कितीही जनावरे मारली तरी शंभर पौंडांहून अधिक मांस गाडीपर्यंत वाहून आणता येत नसे. मुले हौसेने गवे मारीत आणि बहुतेक मांस माळावरच राही. या एका नियमाने गवताळ प्रदेशातील गव्यांच्या नासाडीची जी आठवण होते ती रचनाकारांना अभिप्रेत असो वा नसो, शिक्षकाला ती वापरता येण्यासारखी होती.

खेळाच्या हिशेबाबाहेर राहिलेले :

येथपर्यंत खेळाची बाजू झाली. परंतु रोजनिशी लिहिणारा कोण होता, हा प्रश्न विचारताच चित्र पालटते. रोजनिशी गाडीतून लिहिलेली असते. त्यामुळे गाडीत बसलेल्याचे भय, भूक आणि दुखणे तिच्यात येते. ज्याच्या भूमीवरून गाडी गेली त्याचे येत नाही. साधनांतील ही एकांगिता आज्ञावलीत जशीच्या तशी उतरली.

१८४७ हे वर्ष पाहावे. या वर्षी वसाहतकारांच्या वाटेने आलेल्या गोवराने कायूस या आदिवासी समाजात असंख्य बळी घेतले. त्या संतापातून वायिलात्पू येथील मिशनवर हल्ला झाला आणि मार्कस व्हिटमन व त्यांची पत्नी यांच्यासह अनेकांचा मृत्यू झाला. १९८५ च्या खेळात गोवर आहे. पण तो नेहमी गाडीतल्या माणसाला होतो. गाडीकडून दुसऱ्याला होणारा गोवर मांडण्याची सोय आज्ञावलीत नाही. जुन्या आवृत्तीत समोरून घोडेस्वार दिसत आणि ते वैरी की मित्र हे खेळाडूला ठरवावे लागे. अन्न कोठे मिळेल हे दाखविणारे मदतनीस 'इंडियन'ही योगायोगाने भेटत. वैरी असोत की मदतनीस, दोन्ही रूपांत तो समाज पाऊस-वाऱ्याप्रमाणे एक 'घटना' आहे. त्याला शिलकी रक्कम नाही, निर्णय नाही, कुटुंब नाही.

जॉन अनरू यांच्या 'द प्लेन्स अॅक्रॉस' या १९७९ मधील ग्रंथाने या वाटेवरील हिंसेचा हिशेब मांडला. त्यांच्या गणनेनुसार १८४० ते १८६० या काळात आदिवासींकडून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांकडून ४२६ आदिवासी. लाखो लोकांच्या प्रवासात हा आकडा अल्प आहे. खरा मारेकरी रोग होता, विशेषतः १८४९ ते १८५२ च्या दरम्यानची पटकी. म्हणजे हल्ल्यापेक्षा आजाराला महत्त्व देण्यात खेळ अचूकच होता. त्याची चूक अन्यत्र होती.

ती प्रवासाच्या शेवटी दिसते. ओरेगनला पोहोचताच खेळ संपतो आणि अभिनंदन होते. इतिहासात मात्र तेथे दुसरा हिशेब सुरू झाला. १८५० च्या 'डोनेशन लँड क्लेम ॲक्ट'नुसार आधी येऊन स्थायिक झालेल्या गोऱ्या पुरुषास ३२० एकर आणि विवाहित जोडप्यास ६४० एकर जमीन मिळण्याची तरतूद झाली, आणि ती बहुतांशी आदिवासींशी करार पूर्ण होण्याआधीच वाटली गेली. कृष्णवर्णीयांना ओरेगनमध्ये राहण्यास मनाई करणारा कायदा १८४४ मध्येच झाला होता; १८५७ च्या राज्यघटनेतही तशी तरतूद आली. सावकार, सुतार आणि शेतकरी यांतून निवड करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण आणखी एक निवड न करताच केली आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. ती निवड वर्णाची होती.

पोर्टलंड येथील शिक्षक बिल बिगेलो यांनी १९९७ मध्ये या खेळाच्या सीडी-रॉम आवृत्तीवर केलेल्या टीकेचा रोख याच दिशेने होता. खेळ स्त्री, कृष्णवर्णीय आणि आदिवासी यांची चित्रे दाखवतो. परंतु खेळाडू ज्या दृष्टीने जग पाहतो ती दृष्टी गोऱ्या पुरुष वसाहतकाराचीच राहते, असे त्यांचे म्हणणे. पुढे यास कृतीतूनही उत्तर मिळाले. एलिझाबेथ लापॉन्से यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये 'व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स' हा खेळ आला. त्यात १८९० च्या दशकात मिनेसोटातून उठविल्या गेलेल्या अनिशिनाबे समाजातील व्यक्ती पश्चिमेकडे निघते. ज्या मिनेसोटात जुना खेळ जन्मला तेथूनच हा दुसरा प्रवास सुरू होतो. २०२१ मधील 'द ओरेगन ट्रेल'च्या नव्या आवृत्तीसाठीही आदिवासी समाजांचा अभ्यास असणाऱ्या इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला.

सहानुभूती पुरेशी नसते, याचे उदाहरण मिनेसोटाच्या त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका खेळाने घालून दिले. १९९२ मधील 'फ्रीडम!' या खेळात खेळाडूने पळून जाणारा कृष्णवर्णीय गुलाम व्हायचे होते. पालकांच्या तीव्र विरोधामुळे १९९३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. 'ओरेगन ट्रेल'चा साचा जशाचा तसा उचलून वेदनेच्या दुसऱ्या इतिहासावर बसविता येत नाही, हे येथे दिसून आले.

भारतातील संगणक-शिक्षणाची वाट :

भारतीय शाळांत संगणक आला तो १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पाद्वारे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने संयुक्तपणे हाती घेतलेल्या या प्रकल्पात आरंभी सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. ब्रिटनमध्ये या यंत्राबरोबर मिळणाऱ्या 'वेलकम' कॅसेटवर 'यलो रिव्हर किंगडम' हा खेळ होता. भातशेती, पूर आणि लुटारू यांपासून गाव वाचविण्यासाठी माणसांची विभागणी करणारा हा खेळ 'सुमेरियन गेम'च्याच कुळातला. म्हणजे यंत्राच्या मूळ देशात कृषक समाजाचा इतिहास खेळातून शिकविण्याची कल्पना त्या यंत्राशी आरंभापासून जोडलेली होती.

ती कल्पना आपल्याकडे रुजली नाही. संगणक हा स्वतंत्र विषय झाला, इतर विषयांचे साधन झाला नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ग्रामीण तरुणाला संगणकापर्यंत पोहोचविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण तेथेही संगणक नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र म्हणून भेटला. इतिहासाचा प्राध्यापक आणि संगणकाची प्रयोगशाळा एकाच इमारतीत असूनही एकमेकांना अनोळखी राहिले.

मराठवाड्याची वाट : उणे रकमेपासूनचा प्रवास

वाळूज औद्योगिक क्षेत्रातील बजाजनगर ही स्थलांतरितांनी वसविलेली वस्ती आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती वाढली. मराठीत 'वसाहत' हा एकच शब्द ब्रिटिशांच्या साम्राज्यासाठी, कामगारांच्या चाळींसाठी आणि औद्योगिक क्षेत्रासाठी वापरला जातो. वसणारा कोण आणि उठणारा कोण हे शब्दावरून कळत नाही. या क्षेत्राला पाणी येते ते जायकवाडीच्या नाथसागरातून, ज्याच्या तळाशी कित्येक गावांच्या जमिनी आहेत.

बजाजनगरसारख्या ठिकाणी येऊन टिकलेल्या कुटुंबाने एकदाच प्रवास केला. मराठवाड्यातील दुसरा प्रवास दरवर्षीचा आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे विणले गेले. त्यांना लागणारे ऊसतोड मजूर प्रामुख्याने बीड आणि लगतच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. मिनीॲपोलिसच्या वर्गात मुले टेलिटाइपवर बैलांची खरेदी करीत होती, त्याच सुमारास येथे खरे बैल दावणीला उभे राहू शकत नव्हते.

दिवाळीच्या आगेमागे गावे ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. टायर-गाडीवाल्यांचे बैल स्वतःचे असतात, गाडी बहुधा कारखान्याची. डोकी सेंटरवाल्यांनी मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरायचा. राहण्यास पाचटाची किंवा तट्ट्याची कोपी. पहाटे अंधारात फडावर जायचे, वाढे विकून वरखर्च भागवायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परतायचे. मुले शाळेतून उठतात किंवा आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागे राहतात. मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात अशा घरांतून आलेले विद्यार्थी असतात.

आता 'ओरेगन ट्रेल'चा साचा या प्रवासावर ठेवून पाहावा. पहिल्याच पायरीवर तो अडतो. ओरेगनच्या खेळाडूजवळ शिलकी रक्कम आहे. सर्वांत गरीब शेतकऱ्याजवळही ४०० डॉलर आहेत. ऊसतोड कुटुंब निघते ते उचलीवर. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ही रक्कम तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची असते. आरंभीचा आकडा येथे शून्याच्या खाली आहे, आणि तो उणे आहे हे मान्य करताच पुढील प्रत्येक निर्णयाचा अर्थ बदलतो. ओरेगनच्या वाटेवर विश्रांती घेतली तर दिवस जातात. येथे विश्रांतीला खाडा लागतो, म्हणजे कर्ज वाढते. तेथे आजार ही संभाव्यता आहे. येथे आजारातून उठणे न उठणे हे देण्याघेण्याच्या व्यवहारात गुंतलेले आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. खेळाच्या रूढ भाषेत ही 'आरोग्यविषयक घटना' ठरली असती, यादृच्छिक संख्येने कुणाच्या तरी वाट्याला आलेली. परंतु मासिक पाळीच्या दिवसांतील खाडा, फडावर नसलेले पाणी आणि आडोसा, कोयत्याचा करार आणि खाजगी दवाखान्याचा सल्ला या साखळीत योगायोग फार थोडा आहे. अशी घटना यादृच्छिक म्हणून नोंदविणे हे इतिहासलेखन म्हणूनही चूक होय. उलट, पाऊस न पडणे हे खरोखरच यादृच्छिक मानता येईल. पण पाऊस न पडल्यावर उचल घ्यावीच लागणे मानता येणार नाही.

साधनांचा प्रश्नही येथे वेगळा आहे. ओरेगनच्या वाटेवर लिहिते लोक होते. ऊसतोडीच्या वाटेवरची माणसे रोजनिशी लिहीत नाहीत. त्यांच्याविषयीचे कागद दुसऱ्यांजवळ असतात. मुकादमाची वही, मुद्रांकावरील करारपत्र, कारखान्याच्या काट्यावरील वजनपावती, शाळेचे हजेरीपट हे ते कागद होत. हजेरीपटात दिवाळीनंतर गैरहजेरीची रांग सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपते. वाचता आली तर ती या प्रवासाची तारीखवार नोंदच आहे. याखेरीज उरते ते बायकांचे सांगणे. 'ओरेगन ट्रेल'मध्ये कुटुंबातील पाच नावे खेळाडूने भरायची असतात आणि त्यांनी केवळ आजारी पडायचे असते. कोयता जोडीचा असल्याने येथे बाईचे श्रम बाजूला ठेवून हिशेबच मांडता येत नाही, तरी उचलीची रक्कम बहुधा पुरुषाच्याच हाती पडते.

अर्थात दोन्ही प्रवास एका मापाने मोजणे योग्य नव्हे. ओरेगनला जाणारा दुसऱ्याची जमीन घेण्यास निघाला होता, त्यास तो जाणीवपूर्वक तयार असो वा नसो. ऊसतोड कामगार कुणाचीही जमीन घेत नाही. आपली कोरडवाहू जमीन मागे ठेवून तो दुसऱ्याच्या बागायतीला मनुष्यबळ पुरवितो. ओरेगनच्या वाटेला यशाचे एक ठिकाण होते. येथे नकाशावर असे ठिकाणच नाही, कारण जिथून निघाला तिथेच परतायचे असते.

या विषयावर वर्गात प्रतिरूपण उभे करावयाचे तर संगणकाआधी रॅविच यांच्याप्रमाणे पट, पत्ते आणि फासे घेऊन बसणे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांनी घरच्या मोठ्यांना विचारून आकडे आणायचे : उचल किती, दर टनाला किती, बैलांचा चारा किती, हंगामात किती दिवस खाडा पडला. त्यानंतर त्यांना काही प्रश्न सोडवावे लागतील. मुकादम हा खेळाडू असावा की घटना? कारखान्याचा दर फाशाने ठरावा की कराराने? कोपीत जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यात करायची? फडावर सोबत नेलेली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, तिचे काम टनांत धरायचे की नाही? आणि फेब्रुवारीत बैल मेला तर पुढे काय, याला उत्तर एकच येते. नवा बैल घेण्यासाठी पुन्हा मुकादमाकडे जावे लागते, आणि ती रक्कम पुढल्या हंगामाच्या उचलीत मिळवून मगच खेळाची दुसरी फेरी सुरू होते.